उत्तमदादा, ती ओळ मी वर टाकली होती

दादा, सुजाताला उत्तर आलं होतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि तुम्हाला तर नाहीच. तुम्ही स्वतः विचारलं होतं आणि मी "काही न्हाई आलं" म्हणालो होतो. आता तुम्ही गेल्यावर सांगतोय. ज्याला ऐकायचा हक्क होता तो ऐकायला उरला नाही, तेव्हा माझं तोंड उघडलं. यातला भित्रेपणा मला दिसतो. तरी सांगतो.

तुमच्या पुण्यानुमोदनाला मी आलो होतो. मांडवात मागं, खांबाला टेकून बसलो होतो. कोणीतरी माईकवरून माझं नाव घेतलं. म्हणाले, रामेश्वर सर कंपनीत दादांच्या हाताखाली तयार झाले, त्यांनी दोन शब्द बोलावेत. मी उठलो. "दादांनी मला काम शिकवलं" एवढं बोललो आणि पुढचं येईना. लोकांना वाटलं, माझा गळा भरून आला. वैनींनी पदर डोळ्यांना लावला. तुमची सुजाता उठून पाणी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "काका, सावकाश."

तिला सांगायला पाहिजे होतं, तिथंच. मी पाणी पिऊन बसलो.

बियाण्यांच्या त्या कंपनीत मी लागलो तेव्हा मेल सर्व्हर म्हणजे काय, हे मला पुस्तकापुरतं माहीत होतं. तुमची खोली गोडाउनच्या मागं होती. एका भिंतीपलीकडं मक्याच्या आणि कपाशीच्या बियाण्याला औषध चोळायचं मशीन, त्यामुळं एसी लावला तरी लाल भुकटी आत यायचीच. तुम्ही रोज सकाळी फडक्यानं सर्व्हर पुसायचे. मला वाटलं होतं, एवढ्या मोठ्या कंपनीचा सिस्टीमवाला म्हणजे कोणी टाय लावलेला असेल. तुम्ही बाह्या दुमडून स्टुलावर बसलेले. पहिला प्रश्न विचारला, "जेवून आलास का?" आणि दुसरा, "गोडाउनच्या गेटवरचा वॉचमन काय करतो, सांग बरं."

मी म्हणालो, गाड्या आत सोडतो.

"कशा सोडतो? गाडी आली की दोन गोष्टी बघतो. नाव काय, आन् आली कुठून. आपला सर्व्हर बराबर तेच करतो. समोरचं मशीन दारात आलं की त्याचं नाव बघतो आन् त्याचा पत्ता बघतो. नाव म्हंजे ते जे स्वतःला म्हणवतं ते. पत्ता म्हंजे आकडे. नाव कोणीबी काहीबी सांगंल. पत्ता वायरीतून येतो, तो लपवता येत न्हाई."

मग तुम्ही मला उलटी चौकशी शिकवली. सर्व्हर आधी पत्त्याला विचारतो, तुझं नाव काय. मग त्या नावाला विचारतो, तुझा पत्ता काय. दोन्ही उत्तरं जुळली तरच नाव खरं धरायचं. नाही जुळली तर त्याच्यापुढं 'अनोळखी' लिहायचं. तुम्ही त्याला इंग्रजीतच रिव्हर्स लुकअप म्हणायचे. मी मान हलवली. मला ते खरं कळलं माझ्या लग्नात.

तीर्थपुरीला मांडवात तुम्ही जेवायला बसले होते आणि माझे चुलते वाढपाची देखरेख करत तुमच्यापाशी थांबले. "साहेब, नाव काय आपलं?" तुम्ही म्हणाले, उत्तम. "पूर्ण नाव?" तुम्ही पूर्ण सांगितलं. "गाव कोणतं?" भोकरदनकडचं, म्हणून गावाचं नाव सांगितलं. "गावात कोणीकडं राहाता?" तुम्ही तेही सांगितलं. काका "बरं बरं, जेवा सावकाश" म्हणून पुढं गेले आणि परत त्या रांगेकडं फिरकले नाहीत. मी हे सगळं नवरदेवाच्या खुर्चीवरून बघितलं. उठून यावं असं वाटलं आणि उठलो नाही.

सोमवारी मी कामावर आलो तर माफी कशी मागावी, या विचारात होतो. तुम्ही हसत म्हणाले, "रामेसर, तुझ्या काकानं माझा रिव्हर्स लुकअप केला. नाव, गाव, गल्ली. तीन प्रश्नांत जुळवून टाकलं. आपल्या सर्व्हरपेक्षा फास्ट आहेत."

मीही हसलो. तुम्ही मला हसायची सोय करून दिली होती, ती मी घेतली.

आपलं एक भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला अडवायचं, याचे नियम एका फाईलमध्ये असायचे. एका ओळीत एक पत्ता आणि त्यापुढं काय करायचं ते. पत्त्यापुढं एक तिरकी रेघ आणि आकडा. तुम्ही मला ते चहाच्या टपरीवर, बाकड्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून समजावलं होतं. "स्लॅश बत्तीस म्हंजे एकच घर. स्लॅश चोवीस म्हंजे एक गल्ली. स्लॅश सोळा म्हंजे आख्खा तालुका. पुढचा आकडा जितका लहान, तितकी जास्त माणसं त्या एका ओळीत सापडतात. म्हणून हात जपून चालवायचा."

मला ते पटायचं नाही. फालतू मेल पाठवणारा आज एका नंबरवरून यायचा, उद्या शेजारच्या. मी म्हणायचो, "दादा, एकेक पत्ता कुठवर अडवत बसायचा? सगळी गल्लीच बंद करून टाकू ना."

"येऊ दे त्याला शेजारच्या नंबरवरून. त्यालाबी अडव. पण शेजाऱ्यानं काय केलंय?"

"शेजारी बी तसलेच असतात दादा. एकाच होस्टिंगवाल्याची मशीनं भाड्यानं घेतलेले."

"तुला कोण म्हणलं?"

आणि एकदा असं बोलता बोलता, पोळीचा तुकडा मोडत, तुम्ही गिरणीचं सांगितलं. तुम्ही लहान होते. तुमच्या वस्तीतल्या एका पोराचं गावात कोणाशी तरी भांडण झालं. दुसऱ्या दिवशी तुमची आई दळणाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीवर गेली. गिरणीवाल्यानं तिला नाही म्हटलं नाही. नुसतं बघितलंच नाही. मागून आलेल्यांची दळणं होत गेली, आई डबा पुढ्यात घेऊन बसून राहिली. गिरणी बंद करायची वेळ झाली तेव्हा तिला कळलं. "मंग डबा डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला गेल्ती. मी संगं होतो. माय रस्त्यानं एकच म्हणून राह्यली, बाबा, न्हाई म्हणला असता तर मी सकाळीच इकडं आले असते ना."

तुम्ही हे सांगितलं आणि लगेच कामाचं बोलायला लागले. सर्व्हरला अडवायचे दोन प्रकार असतात. एक रिजेक्ट: दारातच सांगायचं की घेणार नाही, म्हणजे पाठवणाऱ्याला कळतं आणि तो दुसरा रस्ता बघतो. दुसरा डिस्कार्ड: हो घेतलं म्हणायचं आणि आतल्या आत फेकून द्यायचं. पाठवणाऱ्याला वाटतं, पोचलं. तुम्ही म्हणाले, "माझ्या फाईलीत डिस्कार्ड हा शब्द दिसता कामा न्हाई. अडवायचं तर तोंडावर सांगून अडवायचं."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं नाही, दादा. मला सगळं माहीत होतं, आणि का, तेही माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सुजाता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. दक्षिणेकडच्या एका विज्ञान संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी तिनं अर्ज केला होता, आणि लेखी परीक्षा, मुलाखत सगळं पार पडलं होतं. फक्त उत्तर यायचं होतं, तेही मेलवरच. अर्जात मेलचा पत्ता तुम्ही कंपनीतला, तुमचा दिला होता. ती म्हणाली होती, बाबा, फुकटातलं एखादं खातं काढते ना मी. तुम्ही ऐकलं नाही. मला अभिमानानं सांगितलं, "आपण बांधलेला सर्व्हर आहे. आपल्याकडं आलं म्हंजे आलंच."

ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी तुम्ही फाईल उघडली आणि सगळ्यात वर एक ओळ लिहिली. त्या संस्थेच्या मशीनचा पत्ता, स्लॅश बत्तीस, आणि पुढं परवानगी. नाव न टाकता पत्ता का टाकला, तेही सांगितलं. त्या मशीनचं नाव उलट्या चौकशीत जुळत नव्हतं, आपल्या सर्व्हरला ते अनोळखीच दिसायचं. "नावानं सापडंना, म्हणून पत्त्यानं धरलंय. फाईल वरून खाली वाचली जाती. जी ओळ पहिली जुळली, तिथंच निकाल. म्हणून ही सगळ्यात वर. खाली कितीबी नियम टाक, हिला धक्का लागत न्हाई."

मी तुमच्या खांद्यामागं उभा होतो. ती ओळ लिहिताना मी बघितली.

तुम्ही गेलात आणि नेमका तेव्हाच फालतू मेलचा लोंढा सुरू झाला. खरिपाच्या तोंडावरचे दिवस. विक्रेत्यांच्या ऑर्डरी, ट्रान्सपोर्टवाल्यांचे निरोप, सगळं मेलवर. त्यात लॉटरी आणि औषधांच्या जाहिराती इतक्या की खऱ्या ऑर्डरी सापडेनात. शेठ स्वतः गोडाउनमागं आले. "उत्तम न्हाई तर तुझ्यानं हे होत न्हाई का? मला हे आजच्या आज बंद पाहिजे."

मी एकेक पत्ता अडवला. ते शेजारून आले. मी ते अडवले. ते त्यांच्याही शेजारून आले. तुम्हाला फोन करता आला असता. डोळ्याला पट्टी होती, कानाला नव्हती. केला नाही. उत्तमशिवाय होत नाही, हे शेठचं वाक्य मला लागलं होतं. आणि आपल्या भांडणात माझंच बरोबर होतं, हे एकदा दाखवून द्यायचं होतं.

मी लिहिलं, स्लॅश सोळा. पुढं लिहिलं, डिस्कार्ड. रिजेक्ट केलं की त्यांना कळतं आणि ते दुसरीकडून येतात, म्हणून कळूच द्यायचं नाही. आणि ओळ ताबडतोब लागू व्हावी, वरचं काही आड येऊ नये, म्हणून फाईलच्या अगदी वर नेऊन ठेवली. तुमच्या ओळीच्या वर. त्या संस्थेचं मशीन त्याच होस्टिंगवाल्याकडं होतं, त्याच तालुक्यातलं एक घर. मी बघितलं नाही. बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

लोंढा थांबला. शेठनी माझ्यासाठी टपरीवरून भजी मागवली.

मग तुमचा फोन आला. वैनींनी लावून दिला होता. "रामेसर, जरा लॉग बघ बरं. संस्थेचं काही आलंय का. पोरगी दिवसभर फोनकडं बघून राह्यली." तुमच्या आवाजात कसलाच ताण नव्हता. तुमची ओळ वर होती, तुम्हाला कसला ताण असणार.

सर्व्हरच्या दारात जे जे येतं त्याची नोंद लॉगमध्ये राहते. मी शोधलं. त्या संस्थेकडून दोन मेल आल्या होत्या, मध्ये काही दिवस सोडून. पाठवणाऱ्याचा पत्ता, तुमचा पत्ता, आणि पुढं मी लिहिलेला तो शब्द. मजकूर काय होता ते सापडणं शक्य नव्हतं. फेकलेलं कुठं साठत नाही. पण नाही म्हणायचं असेल तर कोणी दोनदा लिहीत नाही, दादा. दुसरी मेल आली म्हणजे ते तिच्या होकाराची वाट बघत होते. असं मला तेव्हाही वाटलं आणि अजूनही वाटतं.

तुम्ही फोनवर थांबले होते. मागं वैनी कोणाला तरी चहा टाक म्हणत होत्या.

"दादा, काही न्हाई आलं."

"बघितलं का बराबर?"

"बघितलं."

"बरं," तुम्ही म्हणाले. "येईल."

मी का खोटं बोललो, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतोय. नोकरी जाईल ही भीती नव्हती. शेठ माझ्यावर खूश होते. तुम्ही ओरडले असते असंही नाही, तुम्ही कधी ओरडत नव्हते. मला वाटतं, तुम्ही एवढंच म्हणाले असते, "डिस्कार्ड टाकलास?" ते मला ऐकायचं नव्हतं. त्या एका वाक्यापासून वाचण्यासाठी मी तुमच्या पोरीचं उत्तर गिळलं.

आणि यापेक्षा वाईट पुढं आहे. त्याच दुपारी मी माझी ती ओळ काढून टाकली आणि पुन्हा एकेक पत्ता अडवायला लागलो. आता तिसरी मेल आली तर पोचेल, असं मनाशी म्हटलं आणि वाट बघत बसलो. संस्थेला एक फोन केला असता, मेल पोचली नाही, चूक आमची, एवढं सांगितलं असतं, तर कदाचित जागा राहिली असती. कदाचित नसती. मला ते माहीत नाही आणि आता कळणारही नाही, कारण मी विचारलंच नाही. तिसरी मेल आली नाही. आपला सर्व्हर जुने लॉग ठरल्या मुदतीनं आपोआप पुसायचा. तुम्हीच तसं बसवलं होतं. तुमचा डोळा बरा होऊन तुम्ही कामावर आले तोवर ती नोंदही गेली होती. मला काही लपवावंसुद्धा लागलं नाही.

तुम्ही काळा चष्मा घालून आले. फाईल उघडून बघितली. तुमची ओळ सगळ्यात वर, जशीच्या तशी. काही दिवस गेले. मग एकदा जेवताना तुम्ही म्हणाले, "मुलाखतीपर्यंत सगळं ठीक होतं रे. मंग कागद नीट वाचले असतील. पूर्ण नाव वाचलं असंल, गाव वाचलं असंल. लुकअप केला असंल."

या वेळी तुम्ही हसला नाहीत.

मी म्हणालो, "एकदा फोन करून विचारा ना दादा." हे मी का म्हणालो? सापडावं, असं वाटत होतं बहुतेक. तुम्ही म्हणाले, "विचारायला जायचं न्हाई. माय एकदा डबा घेऊन बसली, तेवढं बस झालं."

आणि मी म्हणालो, "असतात दादा अशी माणसं."

आयुष्यात मी बरंच चुकीचं बोललोय, पण हे वाक्य सगळ्यांत हलकं. अशी माणसं असतात, हे खोटं नाही. माझ्या स्वतःच्या मांडवात होती. पण त्या वेळी ते त्यांनी केलं नव्हतं, मी केलं होतं. माझी चूक मी तुमच्या जुन्या जखमेत लपवली आणि वरून सहानुभूती दाखवली. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवला होता. मला समजून घेणारा माणूस मिळाला, असं तुम्हाला वाटलं.

त्याआधी दर रविवारी तुमच्या ओसरीत वस्तीतली पोरं जमायची. कोणाचा स्कॉलरशिपचा अर्ज, कोणाचा वसतिगृहाचा, तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून एकेकाचा भरून द्यायचे. "भरा रे. भरला की उत्तर येतं," असं म्हणायचे. त्या वर्षानंतर ते बंद झालं. पोरं आली की तुम्ही म्हणायचे, जालन्यातलं असंल ते भरू, लांबचं राहू द्या. मी एका रविवारी आलो होतो तेव्हा एक मुलगी कुठल्यातरी लांबच्या कॉलेजचा अर्ज तसाच घडी घालून परत घेऊन जाताना बघितली. ती तुमच्यावर रागावलेली नव्हती. तुम्ही म्हणता म्हणजे बरोबर असेल, असा तिचा चेहरा होता.

सुजातानं जालन्यातच पुढचं केलं, बी.एड. केलं, अंबडकडच्या शाळेत लागली. विज्ञान शिकवते. चांगलं शिकवते, हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या मुलाचं गणित अडलं तेव्हा दोन वर्षं शनिवारी-रविवारी त्याला तिनंच बसवलं. मी काही द्यायला गेलो तर म्हणाली, "काका, तुम्ही बाबांचं सगळं करता, मी एवढं करू नको का?" त्या पोराला लांबच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मेल आली, माझ्याच सर्व्हरवर. तुम्ही राजूरहून पेढे घेऊन आले होते. "बघ, तुझ्या पोराला उत्तर आलं," म्हणाले. तुमच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. मी तो पेढा खाल्ला.

काही वर्षांनी कंपनीनं मेल बाहेरच्या सेवेकडं दिली. जुना सर्व्हर बंद करायचा दिवस आला तेव्हा मी तुम्हाला बोलावलं. तुम्ही निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले, येताना स्वतःचं फडकं घेऊन आले. मशीन पुसलं. मग म्हणाले, "एकदा फाईल दाखव." स्क्रीनला नाक लावून वरपासून खालपर्यंत वाचली, जशी आपण गावाला गेल्यावर घरं ओळखत जातो तशी. संस्थेची ओळ अजून वर होती. ती काढायचा धीर मला कधी झाला नव्हता. तुम्ही तिच्यापाशी थोडं थांबले आणि खाली सरकले.

मग मला म्हणाले, "खरं सांग, मी नसताना कधी स्लॅश सोळा टाकलास का न्हाई?"

डोळ्यांत मिश्किली होती. जुन्या भांडणाची आठवण काढून तुम्ही माझी खेचत होते.

"न्हाई दादा."

"चांगला शिकलास मंग." आणि तुम्ही स्वतःच्या हातानं बटण दाबलं. पंखा घरघरत थांबला. त्या खोलीत इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.

मला असं समजायला आवडलं असतं की तुम्हाला कळलं होतं, आणि तुम्ही मनोमन मला माफ केलं होतं. तुम्ही गेल्यापासून मी ते समजायचा प्रयत्न करतोय. जमत नाही. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तोंडावर विचारलं असतं. मनात ठेवून गप्प बसणं हा तुमचा स्वभाव नव्हता. तो माझा.

दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तुम्हाला बोलताना धाप लागत होती, तरी तक्रार चालू होती. उशाशी मोबाईल वाजला की चिडायचे. "हे लोनवाले... दिवसभर फोन करून राह्यलेत. एक नंबर ब्लॉक केला की दुसरा."

मी म्हणालो, "आख्खी सिरीज ब्लॉक करता येते दादा. देऊ करून?"

तुम्ही सुई लावलेल्या हाताचं बोट वर केलं. "न्हाई. एकेक."

सुजाता खुर्चीत बसली होती, ती हसली. मीही हसलो. तुम्ही माझ्याकडं असे बघत होते, जसं काही आपलं भांडण अजून चालू आहे आणि तुम्हाला घाई नाही. आम्ही तिघं हसलो, आणि तुम्हाला मी तेवढंच शेवटचं बघितलं. त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. तुम्ही दिलेल्या बाकी सगळ्यासारखं हेही मी लायक नसताना घेतलं.

मांडवातून निघताना सुजाता मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "काका, माझ्या वर्गात एक मुलगी आहे. बाबांना फार आवडली असती. बाहेरच्या संस्थेचा अर्ज आणलाय तिनं. मी भरून द्यायला बसते आणि हात थांबतो. वाटतं, आपण कशाला त्या पोरीला वाट बघायला लावायची. बाबांचं काय झालं होतं ते मी बघितलंय."

मी म्हणालो, "भर की." एवढंच. गाडीवर बसलो आणि निघून आलो.

तिचा तो थांबलेला हात माझा आहे, दादा. मी सांगितल्यानं जग काही स्वच्छ होणार नाही, आणि तसं मी तिला सांगणारही नाही. तिनं माझ्यापेक्षा जास्त बघितलंय. पण तिच्या बाबतीत दार कोणी बंद केलं होतं, हे तिला बरोबर माहीत असायला पाहिजे. तिच्या बापाला जन्मभर ज्यांचा राग आला, त्यांनी निदान त्या वेळी दोनदा हाक मारली होती, हेही. ऐकल्यावर ती मला पाणी आणून देणार नाही. कदाचित पुन्हा कधीच दारात उभं करणार नाही. तो तिचा निकाल. ती मला तोंडावर सांगेल, तुमचीच पोरगी आहे.

हे लिहिलेलं कुठंतरी छापून येऊन तिच्या हातात पडावं आणि मी त्यामागं लपावं, असंही मनात येऊन गेलं. ते पुन्हा डिस्कार्डच झालं असतं. म्हणून हा कागद मी अजून कोणाकडं दिलेला नाही. तो आधी अंबडला जाईल, माझ्याबरोबर.

दादा, तुमची माफी आता मिळण्यासारखी नाही, ती मी मागत नाही. सुजाताला तिचं उत्तर आलं होतं, हे तिच्यासमोर उभं राहून सांगण्याचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.